मावळतीच्या हाटेलातल्या सोजरमावशी

परवा जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या एका मुलीने मला मोबाईलवर एका रिसॉर्टचा फोटो दाखवला. लाकडी डेक, त्यावर मोठा गोल पलंग, पांढरीशुभ्र चादर, समोर नदी आणि नदीपलीकडे बुडायला आलेला सूर्य. पलंगाच्या पाठीशी दोन जाड लोड उभे लावलेले होते आणि दोन्ही अंगांना तक्के होते. "बघ ना, किती वेगळी आयडिया आहे. बैठकीसारखं केलंय," ती म्हणाली. लग्नाच्या वाढदिवसाला तिला नवऱ्याबरोबर तिथे जायचं होतं. मी त्याच रिसॉर्टच्या रिसेप्शनवर काही वर्षं नोकरी केली आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. ते लोड तिथे कसे आले हे सांगायला बसले असते तर सुट्टी पुरली नसती. म्हणून घरी येऊन हे लिहिते आहे.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. शिरूरच्या बाजूला नदीकाठी एक उंच माळ आहे. खाली ऊस, मग नदी, पलीकडे दौंडच्या बाजूला पुन्हा ऊस, एक वीटभट्टी आणि फार लांबवर डोंगराची पुसट रेघ. पुण्याच्या एका मालकाने हा माळ घेऊन त्यावर कॉटेजं बांधली आणि सगळ्यांची तोंडं पश्चिमेला केली. जागेला लांबलचक इंग्रजी नाव होतं. गावातले लोक त्या नावाच्या वाटेला गेलेच नाहीत. ते 'मावळतीचं हाटेल' म्हणत, आणि ते बरोबरच होतं. तिथे पोहायचा तलाव होता, चुलीवरची भाकरी होती, पण माणसं येत ती संध्याकाळसाठी. दुपार उतरली की पाहुणे एकेक करून डेकवर येत आणि पलंगावर आडवे होऊन सूर्य बुडायची वाट बघत. त्या वेळात गाणी लावायची नाहीत, मोठ्याने बोलायचं नाही, कामाच्या माणसांनी पाहुण्यांच्या समोरून जायचं नाही, असे नियम होते. पलंगावर ताजी चादर, उशा आणि पायावर घ्यायला शाल हे सगळं सूर्यास्ताच्या जरा आधी घालायचं असे. याला आमच्याकडे 'सनसेट सेटिंग' म्हणत. ब्रोशरच्या पहिल्या पानावर त्याचाच फोटो होता.

सोजरमावशी तिथे हाऊसकीपिंगच्या प्रमुख होत्या.

उंच, हडकुळ्या, कपाळावर गोंदण, आणि चालताना उजवा हात पाठीमागे कमरेवर ठेवायची सवय. सगळ्यांना राखी रंगाचा सदरा आणि पँट असा युनिफॉर्म होता. मावशींनी त्याच रंगाचं लुगडं मागून घेतलं. मॅनेजरनी कुरकुर केली तेव्हा त्या म्हणाल्या, "कापड तुमचं, नेसणं माझं." कॉटेजांना कुलपं नव्हती, कार्डं होती. ती सगळी कार्डं त्या कमरेच्या चंचीत ठेवत. चंचीच्या एका कप्प्यात मिसरीची डबी आणि दुसऱ्यात कार्डं. एका पाहुण्याने मला विचारलं होतं, की या कार्डाला हा कसला वास येतो, औषधी वनस्पतीचा आहे का? मी हो म्हणाले.

कॉटेजांना झाडांची नावं दिलेली होती, आणि मावशी पाहुण्यांना त्या झाडांच्या नावाने ओळखत. "बाभळीला अजून टावेल पायजेत." "लिंबाचं भांडण झालंय, आत्ता जाऊ नका तिकडं." "हिवराची बाई लई गुणाची, स्वताचं अंथरूण स्वता काढून ठेवलंया." चादरीचा कोपरा त्या हाताच्या पाठीने दाबून बसवत. हाताखालच्या मुलींपैकी कुणी तळव्याने दाबला की म्हणत, "तळव्याला घाम असतोय बये. तुझा घाम त्या पाहुण्यानं का म्हणून हुंगायचा?" मुली आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या होत्या. मावशींना घाबरत आणि त्यांच्याशिवाय जेवायला बसत नसत.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती आईमुळे. आमच्या घरात कॉलेजपर्यंत गेलेली मी पहिली. शिरूरला एसटीने जाऊन-येऊन बी.कॉम. झाले आणि लगेच या नोकरीचं बोलावणं आलं. पण राहावं तिथेच लागणार होतं. हॉटेलात मुलगी ठेवायची म्हटल्यावर घरी कुणाचं मन होईना. शेवटी आई माझ्याबरोबर जागा बघायला आली. मॅनेजरनी तिला बाग दाखवली, सीसीटीव्ही दाखवले. आईचं समाधान होईना. मावशी वाळत घातलेल्या चादरींमधून बाहेर आल्या आणि आईला म्हणाल्या, "माझ्या खोलीत ऱ्हाईल. जास्त हसली तरी तुम्हाला फोन करीन." आई स्वतःच हसली. त्या एका वाक्यावर माझी नोकरी झाली. नंतरचं माझं जे काही झालं ते तिथून झालं, त्यामुळे मावशींबद्दल मी अगदी तटस्थपणे लिहू शकेन असं नाही. तरी प्रयत्न करते.

त्यांची खोली म्हणजे स्टाफ क्वार्टरमधली टोकाची. दोन खाटा, एक खिडकी, एक पत्र्याची पेटी. मावशींना त्या खोलीचा फार अभिमान होता. कुणी आलं की "या, माझ्या खोलीत या" असं म्हणत, आणि 'माझ्या'वर जरा जोर देत. त्यांचं सासर धनगराचं. लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्याची मेंढरं होती, आणि याच माळावर ती चरायची. पुढे मेंढरं गेली, नदीचं पाणी आलं, ऊस झाला. नवरा वारल्यावर मुलाने शिक्रापूरला हायवेजवळ तीन मजली इमारत बांधली आणि कारखान्यातल्या कामगारांना खोल्या भाड्याने दिल्या. मुलाचं नाव संतोष. चांगला मुलगा होता. एखाद-दुसऱ्या रविवारी मोटारसायकलवर यायचा, आईसाठी फळं आणायचा आणि तेच बोलायचा.

"आई, आता पुरं कर. लोकं म्हणत्यात, पोरगा सांभाळीना म्हणून म्हातारी हाटेलात चादरी झटकतीया."

"मग सांग की त्यास्नी, म्हातारीच पोराला सांभाळीना म्हणून."

"चेष्टा नको. तिकडं काय कमी हाय तुला?"

"कमी काय न्हाई. नोकरी हाय तवर हितं ऱ्हाती. सुटली की येती. शब्द दिलाय न्हवं तुला?"

तो शब्द त्यांनी खरंच दिला होता. नोकरी सुटली तर त्याच दिवशी शिक्रापूर. एकदा मी विचारलं, मावशी, तिकडे नातवंडं आहेत, सून चांगली आहे, मग जायचं का नाही? त्या पेटीवर बसून मिसरी लावत होत्या. थुंकून आल्या आणि म्हणाल्या, "सून गुणाचीच हाय. पर घर तिचं हाय, असायलाच पायजे. तिथं माझी खाट हाय. हितं माझी खोली हाय." मग डबी चंचीत ठेवत, "मला शिक्रापूरला जायचं न्हाई बघ. काय बी झालं तरी."

आता त्या मूळ गोष्टीवर येते, जिच्यामुळे मालकापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना त्या माहीत झाल्या. तिन्हीसांजेला मावशी कुणाला आडवं पडू देत नसत.

आमच्याकडे घरोघरी हे आहे. दिवस मावळून दिवा लागेपर्यंत माणसाने झोपू नये, बसून राहावं. माझी आईही गाढ झोपेतून मला त्या वेळेला उठवून भिंतीशी बसवायची. पण घरात पाळायची गोष्ट घरात. मावशी नोकरी करत होत्या अशा जागी, जिचा सगळा धंदाच त्या घटकेला आडवं पडण्यावर चालला होता. इतर वेळी त्या पाहुण्यांना काहीही करू देत. दुपारी बारापर्यंत लोळा, पलंगावर बसून जेवा, त्यांनी एका शब्दाने कुणाला अडवलं नाही. फक्त सूर्य नदीला टेकायला आला की त्या डेकांच्या मागच्या पायवाटेने निघत आणि एकेका कॉटेजपाशी थांबून हळूच म्हणत, "ताई, बसा वाईच. तिन्हीसांज झाली."

बहुतेक पाहुणे हसून उठून बसत. काहींना गंमत वाटे. एका जोडप्याने जाताना लिहून ठेवलं होतं की आजी आठवल्या. पण सगळे तसे नसतात. एकदा एका कंपनीची माणसं आली होती. त्यातला एक तरुण साहेब डेकवर गाढ झोपला होता, तोंड उघडं टाकून. मावशी त्याच्या पायाशी उभ्या राहिल्या. मी चहाचं विचारायला गेले होते म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं.

"दादा, उठा."

तो दचकून उठला. "क्या हुआ? आग लगी है क्या?"

"आग न्हाई. दिवस बुडतोय. बसा वाईच. दिवा लागला की परत झोपा, कोण न्हाई म्हणत न्हाई."

मी भाषांतर केलं. तो म्हणाला, मी महिनाभर नीट झोपलेलो नाही, इथे झोपायलाच आलोय. मावशींना त्याची दया आली असावी, कारण त्यांनी त्याच्या पाठीमागे उशी सरकवली. "झोपा की लेकरा. सगळी रात तुमचीच हाय. आत्ता नको एवढंच." तो बसून राहिला, पण दुसऱ्या दिवशी तक्रार लिहून गेला.

आमचे मॅनेजर गोव्याचे, फर्नांडिस सर. मनाने मऊ, पण धंद्यात मुरलेले. त्यांनी मावशींना ऑफिसात बोलावलं. मी कोपऱ्यात बिलं लावत होते.

"बाई, लोग यहाँ लेटने के लिए आते हैं. समझता है ना?"

"मग मी काय त्यास्नी उभं केलं?"

फर्नांडिस सरांना हसू आलं, ते त्यांनी पाण्याच्या घोटात लपवलं. मग गंभीरपणे म्हणाले की मालकांचा फोन आला होता, अजून एक तक्रार आली तर माझ्या हातात काही राहणार नाही, तुम्हाला घरी जावं लागेल. 'घरी' म्हटल्यावर मावशींचा कमरेवरचा हात खाली आला. "न्हाई सायेब," त्या म्हणाल्या, "मी जाणारच न्हाई सांजच्याला तिकडं. पोरी जातील."

त्या दिवसापासून त्या सूर्यास्ताच्या वेळी कपड्यांच्या खोलीत बसून राहू लागल्या. इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर, ताठ. मुली डेकवर जाऊन सेटिंग करू लागल्या.

पण मुलीही याच भागातल्या. पाहुण्यांना उठवायचं धाडस त्यांच्यात नव्हतं, आणि तिन्हीसांजेला आपल्या हाताने अंथरूण घालायचं हेही त्यांना होईना. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की डेकवरच्या पलंगांचं रूप बदलत चाललंय. कॉन्फरन्स हॉलच्या बैठकीवरचे लोड आणि तक्के एकेक करून नाहीसे होत होते आणि पलंगांच्या पाठीशी उभे राहत होते. उशा आडव्या ठेवायच्या त्या उभ्या झाल्या. आता पलंगावर आडवं व्हायचं म्हटलं तर पाहुण्याला आधी सगळं हलवावं लागलं असतं, आणि सुटीवर आलेला माणूस काही हलवत नाही. तो लोडाला टेकून बसतो. सगळ्या कॉटेजांवर पाहुणे रांगेने टेकून बसलेले दिसू लागले, लग्नाच्या बैठकीत सोयरे बसतात तसे.

मी मावशींना विचारलं, हे तुम्ही सांगितलंत का? "मी तर हितं बसलीया," त्या म्हणाल्या. मुलींना विचारलं तर त्या एकमेकींकडे बघून हसल्या. फर्नांडिस सर एक दिवस पायवाटेने सगळे डेक बघत गेले. परत आले तेव्हा कपाळाला आठ्या होत्या. पण त्याच आठवड्यात पाहुण्यांनी लोडांसकट फोटो टाकले, लोकांना ते आवडले, आणि सरांनी दौंडच्या गादीवाल्याकडे आणखी लोड करायला टाकले. विषय संपला. मावशींची खोली वाचली असं आम्ही धरून चाललो.

मावशी हे सगळं का पाळतात याबद्दल स्टाफमध्ये निरनिराळ्या समजुती होत्या. फर्नांडिस सरांना वाटे, त्यांच्या घरात त्या वेळेला कुणीतरी दगावलं असणार. मला वाटे, याचं मूळ मेंढरांच्या वाड्यात असेल. संध्याकाळी कळप परतताना माणूस आडवा पडला तर कोकरं कोण बघणार? मी हे त्यांना एकदा मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आसंल," त्या म्हणाल्या. "तुझं शिक्षण झालंय, तुला सुचतंय. मला मात्र कुणी असं सांगितलं न्हाई. आन् फर्नांडिस सायबाला सांग, माझ्या घरात सांजच्याला कुणी मेलं न्हाई. कायतरी वंगाळ घडलं तरच माणूस रीतीनं वागतंय व्हय?"

मग चादरीची घडी घालता घालता त्या एकदम म्हणाल्या, "दिवस चाललाय न्हवं? कुणी निघालं तर आपण पडून ऱ्हातो का? उठून बसतो की." यापेक्षा जास्त त्या या विषयावर कधी बोलल्या नाहीत.

थंडीच्या दिवसांत पुण्याहून एक कुटुंब आलं. मुलगा, सून आणि मुलाची आई. आजी खूप वयस्कर होत्या, गोऱ्या, अगदी हलक्या. त्यांच्या पाठीचा मणका पिचलेला होता आणि त्या बऱ्याच दिवसांपासून अंथरुणावर होत्या. त्यांना एकदा मोकळ्यावरचा सूर्यास्त बघायचा होता, म्हणून मुलगा गाडीत मागे गादी घालून त्यांना घेऊन आला होता. माणूस सभ्य होता. औषधांच्या वेळा, दुधाची चव, सगळ्याचं त्याला भान होतं. त्याने रिसेप्शनवर मला शांतपणे सांगितलं, "डेकवरचे ते लोड काढून टाका. आईला बसायचं नाहीये. डॉक्टरांनी पट्ट्याशिवाय बसवायला सक्त मनाई केलीय आणि पट्टा तिला सोसत नाही. सपाट अंथरूण लागेल."

मुली घोटाळल्या. मावशी स्टुलावरून उठल्या. "दुखणाईताला ही रीत न्हाई. त्यानं पडावं," म्हणाल्या आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा स्वतः संध्याकाळच्या डेकवर गेल्या. लोड काढले, सपाट अंथरूण घातलं, कोपरे हाताच्या पाठीने दाबले. आजींना मुलाने आणि सुनेने अलगद आणून निजवलं. मी हळद घातलेलं दूध घेऊन गेले तेव्हा मुलगा फोन आला म्हणून रेंजसाठी फाटकाकडे गेला होता, आणि सून आत पाठ शेकायच्या पिशवीसाठी पाणी गरम करत होती. मावशी पायांवरची शाल सारखी करत होत्या आणि आजी वर बघत होत्या.

"मुली," त्या मला म्हणाल्या, "मला इथून फक्त छपराची कड दिसतेय."

मी उशी थोडी उचलून बघितली. तरी सूर्य दिसेना, कठडा आडवा येत होता.

आजींनी मावशींकडे मान वळवली. "मला बसवता का?"

"लेकाला हाक मारू?"

"त्याला विचारलंत तर तो नको म्हणेल."

"दुखंल."

"दुखतंच आहे. तुम्ही बसवा."

मावशींनी फाटकाच्या दिशेने बघितलं. मग माझ्याकडे. त्या क्षणी त्यांच्या मनात शिक्रापूर आलं असणार, कारण त्यांनी कमरेची चंची चाचपली. मग त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला, पलंगावर चढल्या, आजींच्या काखेत हात घालून त्यांना कुशीवरून हळूहळू उठवून बसतं केलं आणि स्वतः वळून त्यांच्या पाठीला पाठ लावून बसल्या. आमच्याकडे अशक्त माणसाला असंच बसवतात. आजींचं तोंड नदीकडे आणि मावशींचं कॉटेजच्या भिंतीकडे. मी समोरून आजींचे खांदे धरले.

सूर्य वीटभट्टीच्या वर होता, धुरामुळे जास्तच लाल. आजी म्हणाल्या, "तुम्हाला दिसत नाहीये."

"मला काय करायचंय. रोजच बुडतोय त्यो."

"मग तुम्हाला काय दिसतंय?"

"भिताड. आन् एक पाल हाय."

आजी हसल्या. हसताना त्यांना कळ आली, कारण त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. पण "निजवू का?" असं मावशींनी विचारल्यावर त्यांनी नाही म्हणून सांगितलं. "पाल काय करतेय?" त्यांनी विचारलं.

"ती बी बसलीया."

सूर्य अर्धा बुडाला होता तेवढ्यात मुलगा आला. तो ओरडला नाही. त्याचा चेहरा मात्र पांढरा पडला. "कुणी उठवलं हिला?" त्याने विचारलं, आणि आईला सांभाळून आडवं केलं. आजींनी एकदा मुलाकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मावशी चपला हातात घेऊन बाजूला उभ्या होत्या.

नंतर आजींना फार दुखलं. सकाळी लवकरच ते पुण्याला परत गेले. जाण्याआधी मुलाने फर्नांडिस सरांना सगळं सांगितलं आणि मालकांनाही फोन केला. त्या माणसाचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

दुपारी सरांनी मावशींना बोलावलं. मीही गेले. सर खुर्चीत बसलेही नव्हते.

"सोजराबाई, मालिक बहुत गुस्से में है. एक बात बोलो. पेशंटने खुद बोला था क्या, मुझे बिठाओ? खुद बोला था तो मैं उनको समझाता है. फिर बात अलग है."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "न्हाई. त्या काय बी बोलल्या न्हाईत. मीच बसवलं."

"मावशी," मी म्हणाले.

"पोरी, भायेर तुझा फोन वाजतोय. जा."

फोन वाजत नव्हता. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर गेले.

खोलीत त्या पेटी भरत होत्या तेव्हा मी भांडले. खरं सांगितलं असतं तर नोकरी राहिली असती, खोली राहिली असती, तुम्हीच म्हणाला होतात की काही झालं तरी शिक्रापूरला जायचं नाही. त्यांनी लुगड्याची घडी पूर्ण केली आणि मगच बोलल्या.

"त्या म्हातारीला परत त्याच घरात जायचंय. लेकाला कळलं की हिनंच सांगितलं, तर त्यो उद्या इचारल, आई तू असं का केलंस. परवा इचारल. चांगला हाय म्हणून जास्त इचारल. आन् पुन्हा कधी कुठं न्यायचा न्हाई तिला. मला काय, संत्या एकदाच न्यायला येणार हाय."

"आणि तिचं दुखणं वाढलं असेल तर?"

"वाढलं आसंल," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा उतरला. "त्ये मला बी वाटतंय. पर तिनं सांगितलं न्हवं."

पुढे काही दिवसांनी आजींच्या सुनेचा फोन आला होता, कॉटेजमध्ये राहिलेल्या शालीबद्दल. मी आजींची विचारपूस केली. "आहेत तशाच आहेत," ती म्हणाली. मी त्यातून काही अर्थ काढू शकले नाही.

संतोष जीप घेऊन आला. त्याने आईला काही विचारलं नाही, पेटी उचलली. त्याला आनंद झाला होता आणि तो दाखवू नये एवढी समज त्याला होती. मावशींनी चंचीतून कार्डं काढली, एकेक पदराला पुसून माझ्या हातात दिली. मुली रडत होत्या. "रडायला काय झालं? बाभळीची चादर बघून या, कोपरा सुटलाय," असं म्हणून त्यांनी त्यांना पिटाळलं आणि जीपमध्ये बसल्या.

नंतर मीही ती नोकरी सोडली. रांजणगावला एका कंपनीच्या ऑफिसात लागले. या नोकरीसाठी मुलाखतीत काय बोलायचं, मान किती वर ठेवायची, हे मला मावशींनी फोनवर सांगितलं होतं. लागल्यावर पेढे घेऊन शिक्रापूरला गेले, तीच आमची शेवटची भेट.

ऑफिस सुटल्यावर निघाले म्हणून पोचायला संध्याकाळ झाली. हायवेवर ट्रकांची रांग लागली होती. संतोषची इमारत गल्लीत आहे, खाली हार्डवेअरचं दुकान, बाजूने जिना. मी जिना चढायला लागले तर वरच्या वळणावर पायरीवर मावशी बसलेल्या दिसल्या. मी हाक मारणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मागच्या बोळकंडीत ओळीने बंद दारं होती आणि प्रत्येक दारापुढे जाड बूट काढून ठेवलेले होते.

"नाईटची पोरं हायेत," त्या कुजबुजल्या. "कुठली कुठली हायेत, बिहारची, नांदेडची. झोपल्यात."

खाली नातवंडं चेंडू खेळत होती. चेंडू जिन्याच्या लोखंडावर आपटला तशा मावशींनी खाली वाकून नुसते डोळे वटारले. पोरं गल्लीत पळाली.

मी शेजारी बसत हळूच म्हणाले, "मावशी, तिन्हीसांज झाली ना?"

"व्हय."

"मग यांना उठवत नाही?"

"येडी का काय. रातभर मशिनीपुढं उभी ऱ्हायची हायेत लेकरं." त्यांनी लुगडं गुडघ्यावर सारखं केलं. "एवढी माणसं आडवी पडल्यात घरात. म्हटलं, एकानं तरी बसावं. म्हणून रोज हितं येऊन बसती."

जिन्याच्या जाळीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसत होती, पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेले कामगारांचे निळे शर्ट. उजेड कमी कमी होत होता. खालून सुनेने आवाज दिला, "आत्या, चहा केलाय. पाहुणीला घेऊन या."

"लाईट लाव आधी, मग येतो," मावशी म्हणाल्या, तेही एवढ्या हळू की तिला ऐकू गेलं असेल की नाही कोण जाणे.

मी दिवसभर खुर्चीत बसून आंबले होते, म्हणून मागे भिंतीला रेलले. मावशींनी कोपराने मला ढोसलं.

"नीट बस," त्या म्हणाल्या. "पाठ टेकू नको."